मोठा चहा, दोनदा

दारं बंद झाली आणि बस निघाली नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्यासमोरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्राची घडी बदलली, खिडकीशी बसलेल्या मुलीने केस कानामागे सारले, समोरचा सिग्नल हिरवाच होता. मी मोजायला लागले, कारण काही चुकलंय असं वाटलं की मी मोजते; लहानपणी अंधाऱ्या जिन्यात पायऱ्या मोजायचे तशी. अकरा झाले तेव्हा बस हलली, इतकी अलगद की उभ्या माणसांना दांडी घट्ट धरावी लागली नाही. चालकाच्या जागेवर माझी आई होती. मला तिचा फक्त खांदा दिसत होता आणि मोठ्या आरशात अर्धा चेहरा. त्या चेहऱ्यावरचा भाव मी आधी एकदाच पाहिला होता, माझ्या काखेत थर्मामीटर धरून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली होती तेव्हा. आतलं नीट ऐकायचं आणि बाहेर काही दिसू द्यायचं नाही. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरल्यावर मी पुढे गेले. "काय झालं होतं?" "कुठे काय?" "अकरा सेकंद थांबली होतीस." ती हसली. "तू मोजणारच. कबुतर आलं होतं." छातीतल्या त्या धडधडीला ती कबुतर म्हणायची. आधी एक ठोका गळतो, मग खोक्यात कोंडलेल्या कबुतरासारखी एकदम फडफड. "ते बसेपर्यंत मी ब्रेक सोडत नाही. मागे पन्नास माणसं असतात, बाई."

ब्रेक न सोडण्याइतकी शुद्ध जिला आहे तिला चिंतेचा आजार आहे, असं डेपोच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा अंगावर आल्यासारखं कळलं. तोवर तो एक कागद होता, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलेला. दोन महिन्यांपूर्वी आईने आपणहून जाऊन त्यांना कबुतराबद्दल सांगितलं. त्यांनी हृदयाचा आलेख काढला. त्या अर्ध्या मिनिटात कबुतर अर्थातच आलं नाही. डॉक्टर म्हणाले, कॉफी सोडा. आईने त्याच दिवशी सोडली, आणि आईने सोडली म्हणजे सोडली. पण कबुतर कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. सहा आठवड्यांनी ती पुन्हा गेली तेव्हा डॉक्टरांनी फाइलवर 'चिंताजन्य' असं लिहिलं आणि एक महिन्याची मुदत दिली. पुढच्या तपासणीत हेच असेल तर स्टिअरिंग बंद, डेपोत पासच्या खिडकीत बसायचं. बावीस वर्षं बस चालवणारी बाई पासांवर शिक्के मारत बसणार. "मन शांत ठेवा बाई," असं ते म्हणाले म्हणे. हे सांगताना आईने भाजी इतक्या जोरात चिरली की सुरीचं टोक पाटात रुतलं, आणि मामा म्हणाला, "शांत आहे ना मन?"

मामा आमच्याकडेच राहतो आणि लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या धंद्यातलं ज्ञान तो सगळ्या जगाला लावतो. "लिफ्ट अडकली की लोकांना वाटतं दोर तुटला. दहातल्या नऊ वेळा दाराच्या खाचेत खडा असतो." मी म्हटलं, "मग आईच्या खाचेत कुठला खडा आहे?" "तिच्यात खडा नाही, चिमटे, तीच खडा आहे." चिमटी हे माझं घरातलं नाव, मी लहान असताना मीठसुद्धा चिमटीने मोजून मागायचे. आई हसली नाही. मी त्या कागदाकडे बघत विचार करत होते, की कारण काढून घेतलं आणि परिणाम वाढला, तर दोनच शक्यता. एक तर ते कारण नव्हतंच. नाहीतर काढलं त्यापेक्षा जास्त काहीतरी आत घातलं. मग घोडं पेंड कुठे खातंय? "आई, कॉफीच्या जागी तू काय घेतेस?" "चहा. डेपोसमोरच्या कॉफीच्या दुकानातला. मोठा चहा, दोनदा. सकाळी सहाला एक, दुपारी बाराला एक." तिथल्या फळ्यावर प्रत्येक पेयापुढे छोटी पानं काढलेली असतात: एक पान म्हणजे कॅफीन कमी, पाच म्हणजे जास्त. चहाला दोन पानं होती, कॉफीला पाच. आईने पानं मोजूनच चहा निवडला होता. शेवटी ती माझीच आई.

मी अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते, सगळ्यांत धाकटी. आमच्या प्रमुखांना आम्ही ब्लँकबाई म्हणतो, त्यांच्या पाठीमागे, आणि त्यांना ते माहीत आहे. कुठलाही आकडा घेऊन गेलं की त्या पहिला प्रश्न विचारतात: "ब्लँक चालवलीस?" म्हणजे ज्यात काहीच नाही असा कोरा नमुना आधी यंत्रातून काढलास का. काहीच नसताना यंत्र किती दाखवतं ते ठाऊक नसेल तर काहीतरी असताना ते काय दाखवतं याला अर्थ नाही. शनिवारी दुपारी यंत्र मोकळं असतं. मी परवानगी मागायला गेले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कशासाठी?" "चहातलं कॅफीन." "कुणाचा चहा?" "आईचा." त्यांनी यंत्राचं रजिस्टर ओढून शनिवारपुढे माझं नाव लिहिलं. मग म्हणाल्या, "यंत्रात घालायचं सॉल्व्हंट जपून वापर, महाग असतं. आणि ब्लँक—" "चालवते."

त्या शनिवारची आठवण अजून माझ्या बोटांत आहे. दुकानातून सहा पेयं आणली: मोठा काळा चहा, मसाल्याचा दुधाळ चहा, हिरवा चहा, हिरव्या चहाच्या पुडीचा माचा, पीच घातलेला थंड चहा आणि पुदिन्याचा. शिवाय आईची जुनी कॉफी. काळ्या चहाबरोबर छापील चिठ्ठी असते, टी-बॅग तीन मिनिटं ठेवा म्हणून. मी स्टॉपवॉच लावून बरोबर तीन मिनिटांनी दोन्ही टी-बॅग काढल्या, न पिळता, कारण पिळण्याचा जोर मोजता येत नाही. मग गाळणं, पातळ करणं, छोट्या बाटल्या, लेबलं. पहिल्यांदा कोरा नमुना गेला, पडद्यावर रेघ सपाट, निवांत झोपलेली. मग पुदिना, तीही सपाट, बिचारा पुदिना. मग हिरवा चहा, आणि चौथ्या मिनिटाला रेघेने मान वर केली. यंत्रात प्रत्येक पदार्थाची बाहेर पडायची स्वतःची वेळ असते आणि कॅफीन त्याबाबतीत आईसारखं वक्तशीर आहे. हिरवा चहा, कपाला एकेचाळीस मिलिग्रॅम. थंड पीच तेहेतीस. माचा चौऱ्याहत्तर. मसाल्याच्या दुधाळ चहाला फळ्यावर एकच पान होतं आणि निघाले ब्याण्णव, सगळ्या चहांत जास्त. तो तयार अर्कापासून करतात आणि अर्क काही पानं मोजत नाही. मला एकटीला मोठ्याने हसू आलं. फळा खोटा ठरला होता, माझ्या हाताने. मी खुर्चीत गोल फिरले. मग मोठा काळा चहा आला: अडुसष्ट. आणि जुनी कॉफी: एकशे अठ्ठेचाळीस.

माझी गोल फिरणारी खुर्ची थांबली. आई पूर्वी दोन कॉफी घ्यायची, दोनशे शहाण्णव. आता दोन मोठे चहा, एकशे छत्तीस. निम्म्याहून कमी. म्हणजे आईच्या आत जाणारं कॅफीन उतरलं होतं आणि कबुतर वाढलं होतं, म्हणजे कॅफीनचा संबंध नव्हता, म्हणजे डॉक्टर बरोबर होते. मी नमुने पुन्हा चालवले. अडुसष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. इतके छान जुळणारे आकडे मी नोकरीत फार वेळा काढले नव्हते.

घरी जाऊन सांगितलं. किती नीट सांगितलं, त्याची मला आजही लाज वाटते. कागदावर दोन खांब काढले, कॉफीचा उंच, चहाचा बुटका. "आई, कारण चहा नाहीये. तुझं कॅफीन कमीच झालंय. कदाचित खरंच थोडा ताण असेल, आणि त्यात लाज वाटण्यासारखं..." आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातली घडी पूर्ण केली, कडा जुळवल्या, ठेवली. "म्हणजे तूसुद्धा," ती म्हणाली. मग ती आत गेली आणि तिची खिशातली वही घेऊन आली, फेऱ्यांच्या वेळा लिहायची. "वाच." समासात बारीक टिंबं होती, प्रत्येक फेरीपुढे. दोन महिन्यांची. कबुतर आलं की पुढच्या थांब्यावर एक टिंब. "डॉक्टरांना दाखवलीस?" "काढली होती. ते म्हणाले, एवढं लिहीत बसता म्हणूनच होतं." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुझं मोजलेलं ते शास्त्र आणि माझं मोजलेलं ती चिंता, होय?"

मी वही घेऊन बसले. टिंबं विखुरलेली नव्हतीच. साडेसात ते नऊ, आणि पुन्हा दीड ते तीन. मधल्या वेळात क्वचित एखादं. सुट्टीच्या दिवशी जवळजवळ नाहीत. चिंता घड्याळ लावून येत नाही, आणि आली तरी सहा वाजता आणि बारा वाजता काहीतरी गिळून मग दीड तासाने का येईल? माझ्या आईने नुसत्या पेनाने, बस चालवताना, आमच्या यंत्रापेक्षा चांगला आलेख काढला होता. आणि तिने कोरा नमुनाही चालवला होता, सुट्टीचा दिवस. माझा आकडा खरा होता, तिचाही खरा होता, आणि दोन खरे आकडे भांडत असतील तर चूक आकड्यांत नसते, त्यांच्या अलीकडे कुठेतरी असते. "आई," मी म्हटलं, "मी चुकले असेन. कुठे ते माहीत नाही." "मग सोमवारी चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "तुझं ते घड्याळ घेऊन."

सोमवारी पावणेसहाला आम्ही डेपोसमोरच्या दुकानात उभ्या होतो. काउंटरवरची मुलगी आईला बघून फुलली. "आलात मावशी? आज सोबत कोण?" "लेक. शास्त्रज्ञ आहे." "अरे वा, मग जपून बोलायला हवं." असं म्हणत तिने मशीनवर 'मोठा चहा' हे बटण दाबलं, आणि आईने पिशवीतून थर्मास काढून तिच्यापुढे ठेवला. मी तो थर्मास शेकडो वेळा पाहिला होता. पालथा घातलेला, ओट्यावर, निथळताना. तो कशासाठी आहे हे मी कधी विचारलं नव्हतं; बस चालवताना उघडा कप कोण धरणार? मुलीने थर्मासचं झाकण काढलं आणि डब्यातून टी-बॅग घेऊन आत टाकायला लागली. एक, दोन. तीन. चार. पाच. वरून उकळतं पाणी, गळ्यापर्यंत, आणि झाकण गच्च फिरवलं. "पाच का टाकता?" मी विचारलं. ती गोंधळली. "ड्रायव्हर लोकांचा असाच करतो आम्ही. एवढ्या मोठ्या थर्मासमध्ये दोन टाकल्या तर नुसतं गरम पाणी होतं. मॅनेजर काही म्हणत नाहीत. मावशींना तर मी आवडीने टाकते, दिवसभर थकतात." "आणि काढता कधी?" "काय?" "टी-बॅग." त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मग दोघींनी माझ्याकडे, मी इंजिन चालू असताना चाकं काढता का असं विचारल्यासारखं. "काढायच्या कशाला?" आई म्हणाली. "झाकणाखाली असतात. दुपारी थर्मास विसळते तेव्हा फेकते, आणि ही पुन्हा भरून देते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी त्या काउंटरवर हात टेकून हसायला लागले. तीन मिनिटं! मी स्टॉपवॉच धरून तीन मिनिटं मोजली होती, दोरा धरून टी-बॅग कशा अलगद, न पिळता, उचलल्या होत्या! ज्याने आयुष्यात कधी दोन फेऱ्यांमधल्या सहा मिनिटांच्या विश्रांतीत सगळं उरकलेलं नाही अशा माणसाने छापलेली ती चिठ्ठी मी पाळली होती, कारण चिठ्ठीवर आकडा होता. मी दुकानातला चहा मोजला, आईचा चहा मोजलाच नाही. थर्मास तर पाणी गरम ठेवण्यासाठीच बनवलेला. टी-बॅगमध्ये जे काही आहे ते शेवटच्या कणापर्यंत काढून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं भांडं मला प्रयोगशाळेतसुद्धा मिळालं नसतं. "हिला काय झालं?" मुलीने विचारलं. "होतं असं," आई म्हणाली, "मोजायला काही मिळालं की."

त्या दिवशी मी रजा टाकली आणि आईच्या बसमध्ये चालकामागच्या पहिल्या सीटवर बसले, मांडीवर बाटल्यांचा डबा घेऊन. शेवटच्या थांब्यावर आई घोटभर चहा ओतायची, त्यातले दोन थेंब माझे. वीस मिनिटांनी, एका तासाने, तीन तासांनी. एका आजोबांनी विचारलं, "काय चाललंय हे?" आई आरशातून म्हणाली, "माझी तपासणी चाललीय, आजोबा. गाडी चालूच राहील." पावणेआठला तिने आरशातच मला डोळ्याने खुणावलं. कबुतर. मी तिच्या वहीत टिंब केलं, माझ्या हाताने, आणि त्या क्षणी, ती ब्रेकवर पाय ठेवून थांबलेली असताना, मला भीती वाटली नाही. चोर दिसला की भीती कमी होते. संध्याकाळी ब्लँकबाई थांबल्या होत्या. त्यांनी काही विचारायच्या आधी मीच म्हटलं, "ब्लँक चालवते," तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी घेतली. रेघ सपाट गेली. मग चौथं मिनिट आलं आणि रेघ उठली, उठतच राहिली, पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन धडकली, आणि यंत्राने मोजमापाची पट्टी आपोआप दुप्पट केली. मी ओरडलेच. ब्लँकबाई ओरडल्या नाहीत, पण त्यांनी माझा दंड पकडला तो शिखर पूर्ण उतरेपर्यंत सोडला नाही. शंभर मिलिलिटरला अठ्ठावीस पूर्णांक सहा. वीस मिनिटांतच जवळजवळ सगळं उतरलेलं. थर्मास नऊशे मिलिलिटरचा: दोनशे सत्तावन्न. दिवसाला दोन: पाचशे चौदा. एकशे छत्तीस नव्हे. आईने डॉक्टरांचं ऐकून कॉफी सोडली आणि तिच्या आत जाणारं कॅफीन जवळजवळ पावणेदोन पट झालं. तीही बरोबर, तिचं कबुतरही बरोबर. "आईंना फोन करून काय सांगशील?" ब्लँकबाईंनी विचारलं. मी फोन लावला आणि मला एवढंच म्हणता आलं, "आई, तू जिंकलीस." पलीकडून मामाचा आवाज आला, "कोण जिंकलं? काय जिंकलं? ताई, रडतेस काय, लाव तो स्पीकर."

आईने दुसऱ्या दिवसापासून थर्मासमध्ये पुदिना भरून घ्यायला सुरुवात केली. काउंटरवरच्या मुलीने पाच टी-बॅगच टाकल्या. पहिले तीन दिवस आईचं डोकं असं दुखलं की मामा घरात चपला हातात घेऊन फिरायचा. पाचव्या दिवशी एक टिंब. नवव्या दिवसापासून समास कोरा. अकराव्या दिवशी तिला छातीला चोवीस तास लावून ठेवायचं नोंदणीयंत्र बसवून आणलं आणि ते घालून तिने पूर्ण पाळी चालवली. एक लाख चार हजार ठोके, त्यांतले चुकलेले सात.

तपासणीच्या दिवशी डेपोच्या दवाखान्याबाहेर बाकांवर चालकांची रांग होती. डॉक्टरांनी आईची फाइल उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सोबत आलात ते बरं केलंत, यांना आधार हवाच." मी माझे आलेख काढले, घसा साफ केला. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांब. मी सांगते." आणि तिने सांगितलं. पाच टी-बॅग, झाकण, वीस मिनिटं, पाचशे चौदा. वही त्यांच्यापुढे उघडून टिंबं दाखवली, आधीची आणि नंतरची. "इंजिन ठीक आहे, डॉक्टर. त्यात इंधन जास्त पडत होतं. तुम्ही कॉफी बंद करा म्हणालात, त्या जागी काय चालू केलं ते विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही, मला वाटलं चहाच तर आहे. पण वही मी दाखवत होते." डॉक्टरांनी नोंदणीयंत्राचा अहवाल वाचला, पुन्हा वाचला. वाईट माणूस नव्हता. थकलेला होता, बाहेर रांग होती. ते म्हणाले, "मला वही बघायला हवी होती." मग त्यांनी पेन घेऊन 'पात्र' असं लिहिलं आणि वरचा तो 'चिंताजन्य' शब्द काळ्या शाईने गिरवून बुजवायला लागले. "असं नको," आई म्हणाली. "आमच्या फेरीच्या कागदावर चूक झाली की एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही, तारीख." आमच्या प्रयोगशाळेतही हाच नियम आहे, पण मी तोंड उघडलं नाही. डॉक्टरांचं पेन क्षणभर तरंगलं. मग त्यांनी एक सरळ रेघ मारली, सही केली, तारीख टाकली.

आई बाहेर आली ती ताठ मानेने, फाइल छातीशी धरून. बाकावर पुढचा नंबर असलेला एक दांडगा चालक बसला होता, आईच्याच मार्गावरचा. तिला बघून तो अर्धा उठला आणि कुजबुजला, "ताई, आत काही सांगितलं नाहीस ना? मी तर म्हणतो, सगळं ठीक आहे म्हणायचं आणि सटकायचं. परवापासून डावा हात बधिर होतोय, पण बोललो तर गेलं स्टिअरिंग." आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि बावीस वर्षं थांब्यांची नावं पुकारलेल्या आवाजात, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी सगळं सांगितलं. हे बघ, पात्र. जा आत, आणि बधिर कधीपासून, किती वेळ, सगळं सांग. आज ते ऐकतायत."